पिशवीतून आलेला कारखाना

विजेवर चालणाऱ्या हत्यारांविषयी चार शब्द सांगा, असे निमंत्रण आले तेव्हा पत्र चुकीच्या पत्त्यावर पडले असावे, अशी माझी पहिली समजूत झाली. मी कॉलेजात मराठी शिकवतो. खडू आणि डस्टर ही माझी हत्यारे, आणि त्यांनी आजवर कोणाचे बोट कापल्याचे ऐकिवात नाही. भिंतीत साधा खिळा ठोकायचा झाला तरी आमच्या घरी हातोडी माझ्या हातून काढून घेतली जाते. तेव्हा या विषयातला जाणकार म्हणून मी बोलत नाही, हे आधीच सांगून टाकतो. एका अपघाताचा साक्षीदार म्हणून बोलतो. आणि थोडा आरोपी म्हणूनही. ते कसे, हे पुढे येईलच.

मी मुलुंडचा. माझे बालपण लालबहादूर शास्त्री मार्गाच्या आसपास गेले. घाटकोपर, विक्रोळी, कांजूर, भांडुप, मुलुंड अशी त्या रस्त्याच्या काठाने कारखान्यांची माळच होती. मौज अशी की, भिंतीला भोक पाडणारे विजेचे ड्रिल त्या काळी आमच्या मुलुंडातच तयार होत असे. रॅलीवुल्फ या कंपनीचा कारखाना इथे होता, आणि 'वुल्फचे ड्रिल' म्हटले की जाणत्या कारागिराला आणखी काही सांगावे लागत नसे.

माझे वडील अशाच एका कारखान्यात फिटर होते. संध्याकाळी घरी आले की रेडिओवरची 'कामगारसभा' ऐकत चहा घ्यायचा, हा त्यांचा परिपाठ. त्यांची आणखी एक सवय मला आठवते. सकाळी कामावर निघताना ते बोटातली अंगठी काढून देवघरातल्या डबीत ठेवत. मनगटावरचे घड्याळही तिथेच. लग्नातली अंगठी रोज उठून काढून ठेवावी, हे आईला काही रुचत नसे. ती म्हणे, "सगळ्यांचे पुरुष अंगठ्या घालून कामाला जातात, तुमचंच काय ते जगावेगळं." त्यावर वडील म्हणत, "अगं, बोट शाबूत राहिलं तर अंगठी संध्याकाळी घालता येईल. अंगठी अडकून बोट गेलं, तर ती घालायची कशात?"

हा शहाणपणा वडिलांनी जन्मतः आणला नव्हता. तो त्यांना कारखान्याने शिकवला होता. मशीन साफ करण्याआधी मेन स्विच बंद करायचा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकायचा आणि 'यंत्रावर काम चालू आहे' अशी पाटी अडकवायची; म्हणजे दुसऱ्या कोणी नकळत चालू करण्याची भीती उरत नाही. बाहीची बटणे लावायची किंवा अर्ध्या बाहीचाच सदरा घालायचा. पट्टा फिरतो तिथे जाळी हवी, आणि जाळी काढलेली दिसली तर फोरमन आधी शिवी देणार आणि मग कारण विचारणार.

या शिस्तीच्या पाठीशी कायदा उभा होता. आपल्या देशात कारखान्यांचा पहिला कायदा 1881 साली झाला. तो 100 किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांपुरता होता. पुढे ही मर्यादा खाली येत गेली. 1948 च्या कायद्याने, जिथे वीज वापरली जाते आणि 10 माणसे काम करतात ते ठिकाण कारखाना ठरवले. यंत्राचा धोकादायक फिरता भाग आडोसा घालून बंदिस्त केला पाहिजे, असे त्याच्या 21 व्या कलमात सांगितले होते. चालत्या यंत्राजवळ जाणाऱ्याचे कपडे अंगाबरोबर असावेत, असे 22 व्या कलमात होते. म्हणजे आमच्या वडिलांची अर्धी बाही ही केवळ त्यांची आवड नव्हती. ती कायद्याच्या पुस्तकातून त्यांच्या अंगावर आली होती.

आता त्या रस्त्याने जाऊन पाहा. कितीतरी भोंगे केव्हाच थांबले. कारखान्यांच्या जागी उंच इमारती आल्या, मॉल आले. माणसाला वाटावे, यंत्रांचा जमाना उपनगरातून गेला. परंतु यंत्र कुठेही गेलेले नाही. ते लहान झाले, हलके झाले, एका पिशवीत मावू लागले आणि लिफ्टने चौथ्या मजल्यावर आले. दिवाळीच्या आधी महिनाभर बोरिवलीच्या किंवा अंधेरीच्या एखाद्या सोसायटीत दुपारी कान देऊन उभे राहा. एका मजल्यावर ड्रिल घुमत असते, दुसऱ्यावर टाइल कापण्याचा कटर किंचाळत असतो, तिसऱ्यावर रंधा मशीन चाललेले असते. असल्फा आणि साकीनाक्याच्या बाजूला गेलात तर दहा-बारा फुटांच्या गाळ्यांतून तीन-तीन, चार-चार माणसे ग्राइंडर चालवीत असतात. 10 माणसे भरतच नाहीत, त्यामुळे 1948 च्या कायद्याच्या लेखी तो कारखानाच नव्हता. 2020 च्या नव्या संहितेने तर ती मर्यादा 20 वर नेली. बांधकाम कामगारांसाठी 1996 साली वेगळा कायदा झाला. पण स्वतःच्या राहत्या घरासाठी 10 लाखांच्या आत काम काढणाऱ्या माणसाला त्याने मालकांच्या व्याख्येतून वगळले होते.

याचा अर्थ काय झाला? यंत्र घरात आले. फोरमन, जाळी, पाटी आणि निरीक्षक मात्र कारखान्यातच राहिले. आज मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. मोकळ्या राहिलेल्या त्या जागेवर आता कोणीतरी बसले पाहिजे, आणि ज्याच्या घरात काम चालले आहे त्याच्याशिवाय तिथे बसायला दुसरे कोणी नाही.

मी त्या जागेवर बसलो नाही. आता ती हकीकत सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही घरात लाकडाचे काम काढले. मेस्त्री कुडाळकडचे, हाताला चांगले आणि बोलायला गोड. त्यांच्या हाताखाली गावाकडचाच एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. ज्यांच्या घरी असे काम झाले असेल त्यांनी एक युक्ती हमखास पाहिली असेल. फरशी कापायचा जो हातातला कटर असतो, तो प्लायच्या एका फळीला खालून उलटा जखडतात. फळीला चीर पाडून पाते वर काढतात. फरशीचे पाते काढून दाताचे, लाकडाचे पाते बसवतात. चालूच राहावा म्हणून बटण दोरीने बांधून टाकतात. झाले करवतीचे टेबल! हजारो रुपयांच्या मशीनचे काम एका फळीत भागते. ही युक्ती पाहून मला कौतुकच वाटले होते.

खिडकीत एक अर्धगोल पत्र्याचे झाकण पडलेले मला दिसले. मी विचारले, "मेस्त्री, हे कसलं झाकण?"

"त्याचा गार्ड, सर. तो लावला की रेघ दिसत नाय. टायम जातो."

मी म्हणालो, "बरं."

पुढे हा 'बरं' मला फार दिवस पुरला.

दुसऱ्या दिवशी घरी सत्यनारायण ठरला होता. आमच्या सोसायटीत ठोकाठोकीची वेळ सकाळी 10 ते 1 आणि दुपारी 3 ते 6 अशी लिहून लावलेली आहे. साडेपाचच्या सुमारास मी आत डोकावलो आणि म्हणालो, "मेस्त्री, सहाच्या आत शटरं बसलीच पाहिजेत हं. उद्या माणसं यायची आहेत." मेस्त्री म्हणाले, "होतंय सर. पट्ट्या तेवढ्या चिरायच्या राहिल्यात." तो मुलगा पट्ट्या चिरायला बसला. शेवटची पट्टी दीड बोट रुंदीची होती. ती त्याने हातानेच पुढे ढकलली. पट्टी किंचित तिरकी झाली असेल. पात्याने ती पकडली आणि उलटी भिरकावली. पुढे जोर देणारा हात आधार सुटून तसाच पुढे गेला. बटण बांधलेले असल्यामुळे कटर फिरतच राहिला. तो बंद करायला मेस्त्रींना भिंतीपर्यंत धावावे लागले.

उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरे गेली.

आमच्या घरातून धावपळ झाली ती विचारूच नका. पत्नीने स्वच्छ पंचा हातावर घट्ट दाबून धरला, हे एक बरे केले. मी तुटलेला तुकडा उचलला, स्टीलच्या डबीत घातला आणि फ्रिजमधला बर्फ त्यावर ओतला. आपण मोठे प्रसंगावधान दाखवले, असे मला रिक्षात बसल्यावर वाटत होते. रुग्णालयात डॉक्टरांनी डबी उघडून पाहिली. पात्याच्या दातांनी तो भाग इतका फाटला होता की जोडण्यासारखे काही उरले नव्हते. मग ते शांतपणे म्हणाले, "आणि समजा, स्वच्छ कापलं गेलं असतं, तरी तुमच्या बर्फाने घोटाळा केला असता. बोट थेट बर्फात ठेवायचं नसतं."

बिल मी भरले, दोन महिन्यांची मजुरीही दिली. परंतु त्याने हिशेब मिटला असे मला वाटत नाही. हा हिशेब कायद्यानेही करून ठेवलेला आहे. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्याला एक परिशिष्ट होते. कोणता अवयव गेला म्हणजे माणसाची कमावण्याची शक्ती शेकडा किती घटली असे धरायचे, त्याचा तो तक्ता. तर्जनीचे एक पेर गेले तर 9, दोन गेली तर 11, सबंध तर्जनी गेली तर 14. मधले बोट 12, करंगळी 7. सबंध अंगठा 30. एका हाताची चारही बोटे गेली तर 50. मी तो तक्ता वाचला तेव्हा माझ्या नजरेसमोर शेकडा 11 हा आकडा नव्हता. पेन्सिल मधल्या बोटात आणि अंगठ्यात धरून प्लायवर रेघ मारायला नव्याने शिकणारा एक मुलगा होता. तीन महिन्यांनी तो मुंबईला परत आला, तेव्हा मी ते पाहिले.

लोक मला म्हणाले, "नशीब त्याचं! आणि पोरगाही जरा धांदरटच असणार." या दोन्ही गोष्टी मला पटत नाहीत. नशीब म्हटले की चौकशी संपते, आणि धांदरटपणा म्हटले की सगळा दोष ज्याचे बोट गेले त्याच्याच पदरात पडतो. मी जाणत्या माणसांना विचारत गेलो, पुस्तके चाळली. जे कळले ते असे की, त्या संध्याकाळी एक सोडून पाच गोष्टी चुकल्या होत्या, आणि त्यांतली कोणतीही एक नीट असती तरी ते बोट बहुधा वाचले असते. त्या पाच गोष्टी क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट गार्डची. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेते. हिशेब मांडला तर तिच्या कडेचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या वर जातो. आपली फास्ट लोकल कितीही दामटली, तरी तिच्या दुप्पट! धोका दिसून हात मागे घ्यायला माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतो. तेवढ्या अवधीत चकतीचे 35 हून अधिक फेरे होऊन गेलेले असतात. "मी लक्ष ठेवून असतो" म्हणणाऱ्याने हा आकडा ध्यानात ठेवावा. लक्ष कितीही असले तरी ते या वेगाला पुरे पडत नाही, म्हणून मध्ये पत्रा लागतो. शिवाय गार्ड दोन कामे करतो. हात आत जाऊ देत नाही, आणि चकती फुटलीच तर तिचे तुकडे चालवणाऱ्याच्या तोंडावर येऊ देत नाही.

दुसरी गोष्ट पात्याची. ज्या यंत्राचे पाते त्यालाच ते शोभते. फरशीच्या कटरला किंवा ग्राइंडरला लाकडाचे दातेरी पाते लावले की ते लाकडात अडकते आणि यंत्र हाताला हिसडा देते. करवतीच्या खऱ्या टेबलावर पात्याच्या मागे एक पोलादी पान उभे असते. ते चिरलेली फट मिटू देत नाही आणि पाते आवळले जात नाही. उलट्या कटरला ते पान नसते. तसेच चार इंची मशीनवर सात इंची चकती बसवण्याचे धाडस कित्येक जण गार्ड काढून करतात. कापायच्या चांगल्या चकत्या कडेला सेकंदाला 80 मीटरपर्यंतचा वेग सोसण्यासाठी बनवतात. सात इंची चकती 11,000 फेऱ्यांनी फिरवली तर तो वेग 100 मीटरच्या पुढे जातो. मग ती फुटली तर दोष चकतीचा नव्हे. चकतीवर जास्तीत जास्त फेरे छापलेले असतात, ते यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा कमी असता कामा नयेत. चांगल्या चकतीच्या मधल्या कड्यावर मुदतीचा महिना आणि वर्षही असते. औषधाची मुदत आपण पाहतो, तशी हीही पाहावी. आणि पाते बदलताना नुसते बटण बंद करून भागत नाही. पिन सॉकेटातून बाहेर काढायची. आमच्या वडिलांचा खिशातला फ्यूज तो हाच.

तिसरी गोष्ट बटणाची. हातात धरून चालवायचे विजेचे ड्रिल पहिल्यांदा जर्मनीत, स्टुटगार्टच्या फाइन यांच्या कारखान्यात 1895 साली झाले. पुढे अमेरिकेत ब्लॅक आणि डेकर या जोडीने त्याला पिस्तुलासारखी मूठ आणि घोडा बसवला; त्याचे पेटंट त्यांना 1917 साली मिळाले. त्या घोड्यात मोठा शहाणपणा आहे. बोट दाबलेले आहे तोवर यंत्र चालते; हात सुटला की ते आपोआप थांबते. म्हणजे माणूस घाबरला, घसरला, पडला तरी यंत्र त्याच्यामागे धावत नाही. आपण बटणाला दोरी बांधतो तेव्हा तो शहाणपणाच बांधून टाकतो.

चौथी गोष्ट हाताची. लहान तुकडा कधी हाताने ढकलू नये. दुसऱ्या फळीच्या तुकड्याने ढकलावा किंवा क्लॅम्पने जखडून मग कापावा. ड्रिल मारताना पत्रा डाव्या हातात धरणे म्हणजे मनगट पणाला लावणे. बिट अडकला की तो पत्राच गरगर फिरतो. आणखी एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटेल. फिरत्या बिटाजवळ सैल हातमोजे घालू नयेत. हातमोज्याचा धागा बिटाने पकडला की तो हातासकट ओढून घेतो. अंगठी, धागादोरा, गळ्यातला लांब मफलर, ओढणी, सैल बाही यांचेही तेच. डोळ्यांना मात्र झाकणारा चष्मा हवाच. आपला वाचायचा चष्मा त्या कामाचा नव्हे. बाजूने ठिणगी आत येतेच.

पाचवी गोष्ट घाईची, आणि ती माझी होती. पण तिच्याकडे शेवटी येतो.

त्या दिवशी आमच्याकडे विजेचा घोटाळा झाला नाही, हे नशीब म्हणायचे. कारण त्या कटरच्या वायरीला पिन नव्हती. वायरीची उघडी टोके सॉकेटात खुपसून वर काडेपेटीच्या काड्या ठोकलेल्या होत्या. हे दृश्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही वावगे आहे असे वाटतच नाही. या काडीमुळे अर्थिंगची तार बहुधा बाहेरच राहते. मग आत कुठे वायर सोलली तर यंत्राचे लोखंडी अंग जिवंत होते आणि वीज माणसातून जमिनीत जाते. आपल्या घरातला दाब 230 व्होल्टचा. सुमारे 10 मिलिअँपिअर एवढा क्षीण प्रवाह शरीरातून गेला तरी हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. टाइल कापताना जमीन ओली असते, पाय अनवाणी असतात. मग विचारायलाच नको.

यावर उपाय महागडा नाही. पिन बसवून घ्यावी. यंत्राच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते दुहेरी आवरणाचे असते, त्याला दोन दांड्यांची पिन चालते. नसेल तर तीन दांड्यांचीच हवी. आणि घराच्या मेन बोर्डात 30 मिलिअँपिअरचा ई.एल.सी.बी. बसवावा. वीज वाट सोडून भलतीकडे जाऊ लागली की तो डोळ्याचे पाते लवण्याआधी पुरवठा तोडतो. त्यावर 'टेस्ट' लिहिलेले एक बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे. बटण दाबूनही तो पडला नाही, तर तो बोर्डावर असून नसल्यासारखा. भिंतीला भोक पाडण्यापूर्वी वायरी कुठून गेल्या असतील त्याचा अंदाज घ्यावा. स्विचबोर्डाच्या थेट वर, खाली किंवा समान उंचीवर बाजूला भोक पाडण्याचे टाळावे, कारण वायरी बहुतेक अशाच सरळ रेषेत नेलेल्या असतात.

रक्त न काढणारी एक इजाही सांगितली पाहिजे. टाइल, ग्रॅनाइट, स्वयंपाकघराच्या ओट्याचा कृत्रिम दगड हे कोरडे कापले की पांढरी धूळ उडते. तिच्यात सिलिका असते. ती फुप्फुसात साचते आणि सिलिकोसिस नावाचा रोग होतो. तो बरा होत नाही. अशा कृत्रिम दगडाच्या ओट्यांवर ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून बंदीच घातली, ती त्या कारागिरांची फुप्फुसे पाहून. आपल्याकडे निदान पाणी सोडत कापावे आणि तोंडाला नुसता रुमाल न बांधता बारीक धूळ अडवणारा चांगला मास्क लावावा. पाण्याबरोबर ई.एल.सी.बी. हवाच, हे निराळे सांगायला नको.

आणि इतके करूनही अपघात झाला तर? आधी वीज तोडावी. विजेला चिकटलेल्या माणसाला हात लावू नये. मेन बंद करावा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि हात हृदयाच्या वर उचलून ठेवावा. हळद, चहापूड, कॉफी काही भरू नये. बोट तुटले असेल तर तो भाग स्वच्छ, किंचित ओल्या कापडात गुंडाळावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड बंद करावे, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बर्फ बोटाला लागता कामा नये. 108 ला फोन करावा किंवा रिक्षा गाठावी, आणि तुटलेले बोट जोडण्याची सोय कुठे आहे ते वाटेतच विचारून घ्यावे. तुटलेला अंगठा यशस्वीपणे जोडण्याची पहिली शस्त्रक्रिया जपानमधल्या नारा येथे 1965 साली कोमात्सु आणि तामाई या डॉक्टरांनी केली. आज आपल्या शहरातही बोटे जोडली जातात. पण शल्यवैद्याला काम करता यावे अशा स्थितीत बोट तिथपर्यंत नेणे आपल्या हाती आहे. मी त्यात नापास झालो.

आता ती पाचवी गोष्ट. गार्ड का काढतात? मेस्त्रींनी मला सांगितलेच होते, टायम जातो. काडी का लावतात? पिन बदलायला टायम जातो. पट्टी हाताने का ढकलतात? टायम जातो. हा टायम कोणाचा? अंगावर काम घेतलेल्या कारागिराला दिवस लांबला की मजुरी पडते कमी, आणि त्याच्या डोक्यावर आमच्यासारखा एक माणूस घड्याळ घेऊन उभा असतो. कारखान्यात घाई करणाऱ्या मालकाला अडवायला कायदा होता, युनियन होती, निदान एक खडूस फोरमन होता. माझ्या घरात मला अडवायला कोणी नव्हते. शटरे सहाच्या आत बसवण्याची निकड अशी काय होती? सत्यनारायणाने कपाटाला दारे आहेत की नाहीत, हे काही पाहिले नसते.

म्हणून पुढच्या वेळी काम काढले तेव्हा आम्ही पहिल्याच दिवशी मेस्त्रींशी बोललो. पट्ट्या दुकानातल्या मोठ्या मशीनवर कापून आणायच्या, टेम्पोचे भाडे आमचे. गार्ड काढायचा नाही. पिना आणि दोन चष्मे आम्ही आणून देणार. या साऱ्याला जो खर्च आला तो पूजेच्या पेढ्यांपेक्षा फार नव्हता. काम मात्र चार दिवस लांबले. त्या चार दिवसांत मेस्त्रींनी गार्ड लावूनही रेघ सरळ कशी मारायची ते बसवले. जमते ते.

आपल्याकडे हत्यारांना मान द्यायची रीत जुनी आहे. खंडेनवमीला, दसऱ्याला गाळ्यागाळ्यांतून मशीन पुसतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात. यंदा माळ घालण्याआधी पाच मिनिटे काढा. गार्ड जागेवर आहे का, वायर कुठे सोलली आहे का, पिन आहे की काडी, चकतीची मुदत कोणती, बटण सोडल्यावर यंत्र थांबते का, एवढे पाहा. ज्यांच्याकडे गाळा नाही पण घरात काम चालू आहे, त्यांनीही मेस्त्रींच्या पिशवीत एकदा डोकावावे. आणि यंत्र चालू करण्यापूर्वी माळ मात्र आठवणीने काढून ठेवावी, वडिलांच्या अंगठीसारखी.

चार शब्द सांगा म्हणून निमंत्रण होते, आणि मी इतका वेळ बोललो. खरे म्हणजे चारच शब्द पुरेसे होते. त्या संध्याकाळी साडेपाच वाजता मी ते म्हणायला हवे होते: "सावकाश होऊ द्या, मेस्त्री."